9 ने भाग जातो, मग 3 नेही का जातो?

ज्या संख्येला 9 ने पूर्ण भाग जातो, तिला 3 नेही पूर्ण भाग जातो. हा नियम वर्गात सगळ्यांना पाठ आहे. पण "का?" असं विचारलं की सगळे गप्प. कुणी म्हणतो, "नियमच आहे तसा." माझ्या मते हे काही उत्तर नव्हे. पाठ केलेलं परीक्षेत विसरलं तर काय करणार? कारण कळलेलं असलं, की नियम आपला आपल्याला परत सापडतो.

आता कारण बघा. आपल्या रहिमतपुरात आज दुकानात धान्य किलोनं मिळतं. पण पूर्वी ते पायलीनं मोजत. 2 चिपटी म्हणजे 1 मापटं. 2 मापटी म्हणजे 1 शेर. 2 शेर म्हणजे 1 अधोली आणि 2 अधोल्या म्हणजे 1 पायली. समजा, ज्वारीची रास मोजली. बरोबर 5 पायल्या भरल्या, खाली दाणाही उरला नाही. तीच रास शेरानं मोजली तर काही उरेल का? नाही उरणार. कारण प्रत्येक पायलीत पुरे 4 शेर बसतात. 5 पायल्यांचे 20 शेर. एका शेरात 4 चिपटी, म्हणून चिपटी 80. परत मोजायची गरजच नाही! फक्त माप सपाट भरायचं, शीग लावायची नाही.

संख्यांचंही असंच आहे. 9 हे मोठं माप, 3 हे लहान माप. एका 9 मध्ये 3 वेळा 3 बसतात. देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर गुरुजी 6174 या संख्येमुळे जगात प्रसिद्ध झाले. याच संख्येचे आकडे उतरते लावा, 7641. चढते लावा, 1467. वजाबाकी करा, परत 6174 येते! या संख्येत 686 वेळा 9 आहेत. मग 3 किती वेळा? 686 च्या तिप्पट, म्हणजे 2058 वेळा. बाकी शून्य.

पण उलटं धरू नका. 6 शेर ज्वारी अधोलीनं पुरी मोजता येते, 3 अधोल्या. पायलीनं मात्र दीड पायली होते. तसंच 6 ला 3 ने भाग जातो, 9 ने जात नाही. मोठ्या मापानं पुरं झालं की लहानानं होतंच, लहानानं झालं म्हणून मोठ्यानं होईलच असं नाही.

पालकांना माझी विनंती आहे. घरात माळ्यावर जुनी पायली, शेर, चिपटं असेल तर मोडीत घालू नका. आम्हाला मोजायला द्या. आणि पाढे म्हणून घेताना "किती?" विचारता, तसं "का?" हेही विचारा.

— इयत्ता 4 थीतील एक विद्यार्थिनी