शीळ ऐका, वाजवू नका!

वीकएंडला पुन्हा तोच मॉल? छोड दो यार! पहिला पाऊस पडून गेला की बायनॉक्युलर गळ्यात अडकवा आणि गाठा भंडारदरा. अहिल्यानगरच्या (म्हणजे आपल्या जुन्या नगरच्या) अकोले तालुक्यात १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे. १६४६ मीटरचं कळसूबाई, राज्यातलं सर्वांत उंच शिखर, इथलंच.

पहाटे ओढ्याकाठी कुणी शीळ घातली, तर ग्रुपमधल्या मित्रावर डाफरू नका. तो असतो मलबारी कस्तूर! इंग्रजांनी त्याला शीळ घालणारा शाळकरी पोरगाच म्हटलंय. खडकावर तुरेवाला युवराज दिसेल. आणि पावशा? शेतकऱ्यांना त्याच्या ओरडण्यात 'पेर्ते व्हा' ऐकू येतं.

इथे महादेव कोळी आणि ठाकर राहतात. भात, नागली, वरई पिकवतात. वाटाड्या त्यांच्यातलाच घ्या. आपण अ‍ॅपवर शोधतो, ते त्याला रोजच्या वाटेवर भेटतं. त्याच्या पैशांत घासाघीस मात्र नको. जंगल राखून घरात चार पैसे आले, तर ते राखायला बळ येतं.

आणि मोबाइलवर शीळ वाजवून पक्ष्याला बोलावणं? अजिबात नाही! पावसाळा हा कस्तूरच्या विणीचा हंगाम. हद्दीत दुसरा नर घुसला असं समजून तो घरटं सोडून त्या न दिसणाऱ्या शत्रूमागे धावतो. तुम्हाला फोटो मिळतो, तिकडे पिल्लं ताटकळतात.

फोटो नाही मिळाला तर नाही. सोमवारच्या मीटिंगमध्ये कानात शीळ तर वाजत राहील!