आयर्न मॅन तर मेला, मग तोच चेहरा परत कसा? समजून घ्या सुपरहिरोंचं मल्टिव्हर्स

'अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम'मध्ये (2019) टोनी स्टार्क म्हणजेच आयर्न मॅनचा मृत्यू झाला. पाच वर्षांनी, जुलै 2024 मध्ये, सॅन डिएगोच्या कॉमिक-कॉनमध्ये हिरव्या झग्यातल्या एका माणसाने मुखवटा काढला आणि समोर आला टोनीची भूमिका करणारा रॉबर्ट डाउनी ज्युनिअर. डिसेंबर 2026 साठी जाहीर झालेल्या 'अ‍ॅव्हेंजर्स: डूम्सडे'मध्ये तो खलनायक डॉक्टर डूम साकारतोय. हा डूम म्हणजे दुसऱ्या विश्वातला टोनीच का, यावर तेव्हापासून चाहत्यांमध्ये वाद सुरू आहे.

असा प्रश्न पडू शकतो, कारण सुपरहिरोंच्या कथांमध्ये आता एक नाही, असंख्य विश्वं आहेत. यालाच म्हणतात मल्टिव्हर्स.

सुरुवात कुठून झाली?

डीसी कॉमिक्सचा पहिला 'फ्लॅश' 1940 मध्ये आला. त्याचं नाव जे गॅरिक. पुढे सुपरहिरोंची लाट ओसरली. 1956 मध्ये फ्लॅश परतला, पण नव्या पोशाखात आणि बॅरी अ‍ॅलन या नव्या नावाने. मग जुन्या फ्लॅशचं काय झालं?

लेखक गार्डनर फॉक्स यांनी 1961 मध्ये याचं उत्तर दिलं. 'द फ्लॅश'च्या 123 व्या अंकात बॅरी थेट जेला भेटतो. दोघांच्या पृथ्वी एकाच जागी आहेत, फक्त त्यांच्या कंपनांचा वेग वेगळा आहे, असं या कथेत सांगितलं होतं. रेडिओवर स्टेशन बदलावं, तसं एका जगातून दुसऱ्या जगात जाता येतं.

पुढे पृथ्वींची संख्या इतकी वाढली की नवे वाचक गोंधळू लागले. शेवटी 1985-86 मध्ये 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स' ही 12 अंकांची मालिका काढून डीसीने सगळ्या पृथ्वी एकत्र केल्या. काही वर्षांनी मल्टिव्हर्स परत आलंच.

मार्व्हलचे नियम काय?

मार्व्हलच्या पडद्यावरच्या कथांमध्ये मुख्यतः दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात.

पहिली, फांद्या. भूतकाळात जाऊन काही बदललं, तर तुमचा वर्तमान बदलत नाही, वेगळी काळरेषा फुटते. 'लोकी' (2021) ही मालिका यावरच उभी आहे. मूळ लोकी 2018 च्या चित्रपटात मेला. मालिकेतला लोकी 2012 मधून निसटलेला आहे. अशा प्रतिरूपाला 'व्हेरिएंट' म्हणतात.

दुसरी, टक्कर. दोन विश्वं एकमेकांवर आदळली, तर एक किंवा दोन्ही नष्ट होतात. याला 'इन्कर्जन' म्हणतात.

यात विज्ञान किती?

भौतिकशास्त्रज्ञ ह्यू एव्हरेट यांनी 1957 मध्ये क्वांटम सिद्धांताचा एक अर्थ मांडला. मोजमापाच्या वेळी शक्य असलेले सगळे निकाल वेगवेगळ्या शाखांमध्ये प्रत्यक्षात येतात, असं त्यात मानलं जातं. मात्र या शाखांमध्ये ये-जा करता येत नाही. सुपरहिरो तर दार उघडून पलीकडे जातात. तिथे विज्ञान संपतं आणि गोष्ट सुरू होते.

मग खरं कारण काय?

मोठं कारण आहे हक्क. 1990 च्या दशकात आर्थिक अडचणीत सापडलेल्या मार्व्हलने आपल्या लोकप्रिय पात्रांचे चित्रपट-हक्क विकले. स्पायडर-मॅन सोनीकडे गेला, एक्स-मेन फॉक्सकडे. त्यामुळे एकाच कंपनीचे नायक वेगवेगळ्या स्टुडिओंच्या चित्रपटांत विखुरले. 2019 मध्ये डिस्नेने फॉक्सचा चित्रपट व्यवसाय घेतला. त्यानंतर जुने चित्रपट रद्द न करता ती पात्रं आत आणायला मल्टिव्हर्स सोयीचं ठरलं. 'डेडपूल अँड वुल्व्हरिन' (2024) हे त्याचं ठळक उदाहरण.

जुन्या आठवणीही विकल्या जातात. 'स्पायडर-मॅन: नो वे होम'मध्ये (2021) तीन पिढ्यांचे तीन स्पायडर-मॅन एकत्र आले आणि चित्रपटाने जगभरात सुमारे 1.9 अब्ज डॉलर कमावले. पण दर वेळी हे जमत नाही. 2023 चा 'द फ्लॅश' जुना बॅटमॅन मायकल कीटनला आणूनही आपटला.

मरणाला अर्थ उरतो का?

मल्टिव्हर्सवरचा सगळ्यात मोठा आक्षेप हाच आहे. मेलेल्याचा दुसरा नमुना कुठूनही आणता येत असेल, तर प्रेक्षकाने रडायचं कशाला?

यावर काही चित्रपटांनी चांगलं उत्तर दिलंय. 'गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी 3'मध्ये (2023) गमोरा परत आलेली दिसते, पण ही वेगळ्या काळरेषेतली गमोरा आहे. पीटर क्विलवरचं प्रेम तिने अनुभवलेलंच नाही आणि शेवटी ती त्याच्याकडे परतत नाही. चेहरा तोच, पण गमावलेलं माणूस गमावलेलंच राहतं.

'स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' (2023) आणखी पुढे जातो. मुंबई आणि मॅनहॅटनच्या मिश्रणातून रचलेल्या 'मुंबॅटन'मध्ये पवित्र प्रभाकर हा भारतीय स्पायडर-मॅन राहतो. इथे एका पोलीस अधिकाऱ्याचा मृत्यू 'ठरलेला' असतो, पण माइल्स मोरालेस त्याला वाचवतो. प्रत्येक विश्वात स्पायडर-मॅनने जवळचं माणूस गमावलंच पाहिजे, हा नियम तो मान्य करत नाही.

'डूम्सडे'चीही कसोटी इथेच लागेल. ओळखीचा चेहरा पाहून टाळ्या पडतीलच. पण टोनीचा मृत्यू त्यानंतरही तितकाच खरा वाटला, तरच या असंख्य विश्वांचा उपयोग झाला असं म्हणता येईल.