घेणारा बघून घेईल!

गेले दोन महिने आमच्या घरात एकच विषय चालला आहे. बाबांच्या मारुती ८०० चं काय करायचं? दुरुस्त करायची, विकायची, की मोडीत काढायची? फोनवर चर्चा झाली, गणपतीच्या पंगतीत झाली, बारशाला जमलो तिथेही झाली. ज्यांनी ती गाडी जन्मात कधी पुसली नाही, त्यांना तर दोन-दोन मतं आहेत :-)

तेव्हा एकदाचं इथेच लिहून टाकते, म्हणजे प्रत्येकाला वेगळं सांगायला नको. मामा, तू हे वाचतोस ते मला माहीत आहे. रागावू नकोस, पण या वेळी तुझं चुकलंच.

आधी गाडीची हकिगत. बाबांनी ती २००७ साली चिपळूणला घेतली. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी गावात शिरलं तेव्हा ती टपापर्यंत बुडाली होती. विमा फक्त थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीचा छदामही मिळायचा नाही. बाबांनी पदरमोड करून ती चालू करून घेतली. पुढच्या वर्षी पंधरा वर्षं भरली. फेरनोंदणीची फी त्याच एप्रिलपासून ६०० रुपयांची ५००० झाली होती, तीही त्यांनी भरली. तेव्हा तपासणीत गाडी पास झाली आणि चालतही छान होती. त्यामुळे कागद २०२७ पर्यंत पक्के आहेत.

कागद पक्के, पण पत्रा कच्चा. पुराचा गाळ दारांखालच्या पोकळ पट्ट्यांमध्ये अडकून राहिला होता. बाहेरून काही दिसत नाही, आतून मात्र चार वर्षं गंज चढत गेला. या वर्षी बाबांनी गाडी चालवणं सोडलं, म्हणून आम्ही ती मेकॅनिककडे नेली. त्याने गाडी वर चढवली आणि मला खाली बोलावून स्क्रू-ड्रायव्हर पत्र्याला टेकवला. तो सरळ आत गेला. नानकटाईत जावा तसा.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. जीपसारख्या गाडीला खाली वेगळी चासी असते, सगळा भार ती पेलते. आठशेला तसं काही नाही. तिचा सांगाडा म्हणजेच तिचा पत्रा. तो कुजला म्हणजे पाठीचा कणाच गेला. वर इंजिन कितीही गुणी असो. मेकॅनिक सरळ म्हणाला, "ताई, ठिगळं मारून देतो, साठ-सत्तर हजार होतील. पण हमी देणार नाही." म्हणजे दुरुस्तीचा मार्ग तिथेच बंद झाला.

मग एजंट आला. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि ४५ हजार सांगितले. पत्र्याबद्दल मी स्वतःहून सांगितलं, तर हसला. म्हणाला, खालून काळा रंग मारला की झालं, गावाकडे लगेच जाईल. घरी सगळे खूश. खोटं कशाला बोलू, मीसुद्धा खूशच होते. दोन दिवसांनी त्याचा फोन आला, की गिऱ्हाईक मिळालं, शाळेच्या मुलांची ने-आण करायला हवी आहे.

मी नाही म्हणून सांगितलं.

आणि तिथून वादाला सुरुवात झाली. "आपल्याला काय करायचंय? घेणारा बघून घेईल." हे वाक्य मी पाच जणांकडून ऐकलं. सगळी भली माणसं. यातलं कुणी शेजाऱ्याला नासकं दूध देणार नाही. पण गाडीची गोष्ट आली की सगळ्यांना वाटतं, समोरचा डोळे उघडे ठेवून घेतोय. कसले उघडे डोळे? काळ्या रंगाखाली काय आहे ते त्याला दिसणार कसं? आणि मागच्या सीटवर कोंबलेल्या त्या मुलांना कोण विचारणार?

दुसरा मुद्दा मामाचा. गरिबाला स्वस्तात गाडी मिळते, त्याच्या पोटावर का पाय आणतेस? मामा, जुन्या गाडीशी माझं भांडण नाहीच. धडधाकट जुनी गाडी खुशाल विकावी. २०१८ साली सुप्रीम कोर्टाने दिल्लीत १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी घातली, तेव्हा तो निव्वळ वयाचा हिशोब मला पटला नव्हता. गाडीचं वय बघू नये, अवस्था बघावी. पण मग अवस्था बघायचीच! स्वतःच्या मुलीला ज्या गाडीत मी बसवणार नाही, ती गरिबाच्या मुलीला चालेल, हे कुठलं औदार्य?

ज्यांना नीतीचा कंटाळा येतो त्यांच्यासाठी व्यवहाराचं सांगते. एजंट गाडी नेतो, पण नावावर करून घेतोच असं नाही. २०१८ सालीच सुप्रीम कोर्टाने दुसऱ्या एका निकालात सांगितलं आहे, की गाडी कितीही हात बदलो, नोंदणी ज्याच्या नावावर तोच मालक, अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याचीच. म्हणजे ७८ वर्षांच्या बाबांना कोर्टाच्या पायऱ्या!

"मग राहू दे की अंगणात, बाबांची आठवण आहे," असं आत्या म्हणाली. आत्या, आठवण म्हणून ठेवलेल्या अशा गाड्या आमच्या सोसायटीत तीन आहेत. चाकं बसलेली, आत मांजरीची पिल्लं. ते तर निर्णय टाळणं झालं, त्याला प्रेम म्हणायचं नाही.

राहिला शेवटचा मार्ग. कोपऱ्यावरचा भंगारवाला २१ हजार देत होता, पण नोंदणी रद्द करायचं नाव काढेना. तसं केलं तर गाडी तुकडे होऊन जाते आणि तिचा चासी नंबर भलत्याच गाडीवर पुन्हा जिवंत होऊ शकतो. २०२१ च्या धोरणानंतर नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रं निघाली आहेत. तिथे १९ हजार मिळाले. ते तेल, बॅटरी, एसीचा गॅस आधी काढून घेतात, मग गाडी मोडतात आणि तसं प्रमाणपत्र देतात. नवी गाडी घेताना त्यावर करात सवलत मिळते. ती आम्हाला नकोय, पण असो.

म्हणजे एजंटच्या हिशोबाने मी २६ हजारांचं नुकसान केलं. घरात सध्या माझं नाव "हरिश्चंद्राची बहीण" आहे :-)

गुरुवारी गाडी गेली. बाबा ओट्यावर बसून बघत होते, काही बोलले नाहीत. मला वाटलं, मनाला लागलं असणार. संध्याकाळी चहा घेताना म्हणाले, "नोंदणी रद्द झाल्याचा कागद मागून घे. आणि तो शाळेच्या मुलांवाला, त्याला दुसरी कुठली गाडी मिळाली का, विचार त्या एजंटला."

मी एजंटला फोन केला. त्याने उचलला नाही.