कासवाला आपली ट्यूबलाईट पुरत नाही!

दोस्तहो, इलेक्ट्रिकलला ॲडमिशन घेतली की नातेवाईकांचे मिक्सर, इस्त्र्या आणि पंखे आपोआप आपल्या नावावर चढतात. पण गेल्या जूनमध्ये डोंबिवलीच्या मामाने भलतंच काम काढलं. "अरे इंजिनिअर, बाळूच्या घरात यूव्ही लाईट बसवायचाय. कधी येतोस?"

बाळू म्हणजे मामाचं कासव. पाठीवर पिवळ्या चांदण्यांची नक्षी असलेलं स्टार कासव. घरात कासव असलं की लक्ष्मी टिकते, असं सांगून नऊ वर्षांपूर्वी कुणीतरी मामाला आणून दिलेलं. मामाने त्याच्यासाठी स्लायडिंग काचांनी बंद केलेल्या गॅलरीत आठ बाय चार फुटांचा प्लायवूडचा बंगलाच बांधलाय. आत माती, दगड, लपायला आडवं फुटकं मडकं. आमच्या होस्टेलच्या रूममध्ये माणशी एवढी जागा नाही! एवढं करूनही डॉक्टरांनी बाळूच्या कवचाची कड दाबून पाहिली तर ती अंगठ्याखाली दबली. हाडंच भुसभुशीत होत चालली होती. "कॅल्शियम कमी, आणि यूव्ही मिळत नाही," ते म्हणाले.

मामीला पटेना. "गॅलरीत दिवसभर ऊन असतं की रे!" ऊन असतं, पण काचेतून आलेलं. कासवाच्या कातडीत ड-३ जीवनसत्त्व तयार होतं ते यूव्ही-बीमुळे, म्हणजे साधारण २८० ते ३१५ नॅनोमीटरच्या किरणांमुळे. साधी खिडकीची काच नेमकी तीच जवळजवळ सगळी अडवते. उजेड येतो, ऊब येते, कामाचं ते बाहेरच राहतं. आणि ड-३ नसलं की खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. मग शरीर ते हाडांतून आणि कवचातून काढायला लागतं.

आता आमच्या शाखेची गंमत. घरातल्या साध्या ट्यूबलाईटमध्येही पारा यूव्हीच तयार करतो, २५४ नॅनोमीटरचा. आतला पांढरा लेप त्याचा उजेड करतो आणि उरलंसुरलं काच अडवते. सरड्या-कासवांसाठीच्या ट्यूबमध्ये लेप वेगळा असतो आणि काचही यूव्ही-बी जाऊ देणारी. घरच्या साध्या एलईडीत तर यूव्ही नसतोच.

मी बाजारात एका दुकानात जाऊन "यूव्ही ट्यूब द्या" म्हणालो. काका म्हणाले, "एकदम ओरिजिनल, घ्या." खोक्यावर पाहिलं तर २५४! पाणी शुद्ध करणाऱ्या मशीनमधली, जंतू मारायची ट्यूब. ती बाळूवर लावली असती तर त्याचे डोळे गेले असते, आणि मामीचेही. दुसरीकडे मिळाली ती नोटा तपासायची जांभळी ट्यूब. ती यूव्ही-ए, म्हणजे या कामाला शून्य. यूव्ही म्हणजे एकच गोष्ट नव्हे, हे व्हायवाला पाठ म्हणणाऱ्या मला ते दुकानात उभं राहून कळलं. तेव्हा भावांनो, खोक्यावरचे नॅनोमीटर वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

बरं, योग्य दिवा मिळाला तरी आठ फुटांच्या घरात एक छोटा बल्ब टांगून भागत नाही. त्याच्याखाली ताटाएवढ्या जागेत यूव्ही पडतो, आणि अंतर दुप्पट झालं की तो जवळजवळ चौथा हिस्सा उरतो. लांब ट्यूबचं तसं नाही. जवळच्या अंतरात ती साधारण निम्म्यावर येते, आणि कासवाची अख्खी पाठ उजेडात बसते. म्हणून मोठ्या जागेला लांब टी-५ ट्यूब, वर रिफ्लेक्टर, शेजारी उष्णतेचा दिवा, आणि दुसऱ्या टोकाला पूर्ण सावली. किती घ्यायचं ते कासव ठरवतं. आपण जागा द्यायची. अशा ऊन खाणाऱ्या कासवांना बसायच्या जागी यूव्ही इंडेक्स तीन-चारच्या आसपास लागतो, आणि तो मीटरशिवाय कळत नाही. काही महिन्यांनी ट्यूबमधला यूव्ही संपत येतो, तरी ट्यूब झकास पेटलेली दिसते. फसायची खरी जागा हीच.

आणि आपलं ते "कोवळं ऊन"? सकाळी सातच्या तिरप्या उन्हात यूव्ही-बी फारच थोडा असतो. उन्हाळ्यात ठाण्यात भर दुपारी इंडेक्स ११ च्या वर जातो, पण तेव्हा टबातलं कासव भाजून निघेल. साडेनऊ-दहाचं ऊन, उघड्यावर, बाजूला सावली, एवढं मिळालं तर ट्यूबची गरजच नाही. पण जून ते सप्टेंबर आपल्याकडे आभाळ उघडतं कधी?

हे सगळं वहीत मांडून मी मामाला खर्च सांगितला. तो लगेच तयार! पण आधी मनात असलेली गोष्ट मी तेव्हा बोललो. "मामा, लाईट बसवतो, पण हे कासव ठेवणंच गुन्हा आहे." स्टार कासव १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर ते पहिल्या अनुसूचीत आहे. २०१९ मध्ये जगभरच्या व्यापारबंदीच्या सर्वांत कडक यादीतही ते गेलं. लक्ष्मी टिकावी म्हणून आणलेल्या एकेका कासवामागे पोत्यात कोंबून नेलेली किती असतील, कुणास ठाऊक.

मामा दोन दिवस बोलला नाही. मग म्हणाला, "पकडून नेतील का रे?" मी काय सांगणार? मी वकील नाही. शेवटी एका प्राणीमित्र संस्थेशी बोलून, वन खात्याला कळवून बाळूला सोपवलं. वन खात्याची १९२६ ही हेल्पलाईन आहे, तीही लक्षात ठेवा. मामीने जाताना मेथीची जुडी बरोबर दिली. नऊ वर्षं काकडी-टोमॅटोवर काढलेल्या बाळूला मेथी शेवटच्या महिन्यात मिळाली.

माझं मत काहींना कडक वाटेल. ज्याला यूव्ही मोजता येत नाही, त्याने कासव पाळू नये. स्टार कासव तर मोजता येत असलं तरी नाही. आपल्या होस्टेलवर खिडकीतल्या टबात गालावर लाल पट्ट्याचं पाण्यातलं कासव आहे, हे सगळ्यांना माहीत आहे (रेक्टर सर, तुम्ही हे वाचलं नाही असं समजा). ते अमेरिकेतलं, कायदा वेगळा, पण हाडं तशीच. आणि कंटाळा आला म्हणून ते मासुंद्यात किंवा खाडीत सोडायचं नाही, तिथल्या आपल्या जलचरांचं ते खाईल.

मोजणारे हात मात्र हवेतच. २०१८ मध्ये सिंगापूरहून ५१ स्टार कासवं कर्नाटकात परत आणली गेली. पण परत आलेलं कासव लगेच रानात जात नाही, आधी तपासणी होते, वेगळं ठेवावं लागतं. पावसाळ्यात सोपवलेल्या किंवा जप्त केलेल्या कासवांना तर खोलीतच राहावं लागतं, बाळूसारखं. तिथे ट्यूब किती उंचीवर, जाळीने किती अडवलं, कोणत्या महिन्यात यूव्ही उतरला, ही नोंद ठेवायला अंतिम वर्षाचे चौघे पुरे आहेत. दरवर्षी तोच लाईन फॉलोअर रोबो कशाला?

यूव्ही इंडेक्सचं एक मीटर लॅबसाठी घ्यावं, असा अर्ज मी एचओडी सरांकडे दिलाय. डाव्या बाजूच्या फायलींत वरून तिसरा आहे, सर.