ढगांचे फोटो काढून काय मिळतं?



या आठवड्याच्या टपालात एक पत्र आलंय, त्याचंच उत्तर आज देतो. पत्र लिहिणारी नववीत आहे. तिला नाद आहे आभाळाचे फोटो काढायचा. शाळेतून आली की आईचा मोबाईल घ्यायचा आणि थेट गच्ची गाठायची. परवा मोबाईलमधली जागा भरली, तेव्हा आईने निम्मे ढग पुसून टाकले. "अगं, ढग काय रोजच येतात!" वर हे ऐकवलं ते वेगळंच. पत्राच्या शेवटी प्रश्न आहे, "खरंच, ढगांचे फोटो काढून काय मिळतं हो?"

आईची बाजूही खोटी नाही बरं का. ढग रोज येतात हे खरंच. पण कालचा ढग आज येत नाही. अर्ध्या तासापूर्वी हत्तीसारखा दिसलेला ढग आता कुठे असतो? म्हणूनच की काय, जगात हजारो लोक मान वर करून कॅमेरा धरून उभे असतात. त्यातले बरेचसे हवामानखात्यात नाहीत, कुठल्या प्रयोगशाळेत नाहीत. कुणी दुकान चालवतो, कुणी शिकवतो, कुणी निवृत्त झालेला. आणि गंमत म्हणजे, या हौशी मंडळींनी शास्त्रज्ञांना चांगलंच कामाला लावलेलं आहे.

कॅनडात अल्बर्टा नावाचा प्रांत आहे. तिथल्या थंडगार रात्री आभाळात हिरवा प्रकाश नाचतो, त्याला ध्रुवीय प्रकाश म्हणतात. तो टिपण्यासाठी रात्ररात्र जागणाऱ्या हौशी फोटोवाल्यांचा तिथे एक मोठा गट आहे. या मंडळींच्या फोटोंत अधूनमधून एक विचित्र गोष्ट यायची. जांभळट रंगाची, अरुंद, लांबलचक रेघ. आभाळाच्या पूर्वेकडून पश्चिमेकडे, जणू कुणी रिबीन ताणून बांधली आहे. नेहमीच्या प्रकाशासारखी ती नाचत नसे, आणि थोड्या वेळाने विरूनही जाई. मंडळी तिला प्रोटॉनचा पट्टा म्हणायची.

मग कॅल्गरी विद्यापीठातले प्राध्यापक एरिक डोनोव्हन यांची या गटाशी गाठ पडली. फोटो बघून ते म्हणाले, हा प्रोटॉनचा प्रकाश नव्हे, तो तर नुसत्या डोळ्यांना असा दिसतच नाही. मग हे आहे काय? प्राध्यापकांनाही सांगता येईना! आयुष्य आभाळात घालवलेल्या माणसासमोर हौशी लोकांनी असा फोटो ठेवला, की त्याचं नावच कुठल्या पुस्तकात सापडेना.

नाव नाही तर हाक कशी मारायची? गटातल्या एकाने सुचवलं, स्टीव्ह म्हणू या! हे नाव आलं २००६ च्या एका कार्टून सिनेमातून. त्यातल्या प्राण्यांच्या समोर अचानक एक उंच कुंपण उभं राहतं. ते काय आहे हे त्यांना कळत नाही, भीती वाटते, म्हणून ते त्याला स्टीव्ह म्हणतात. नाव दिलं की भीती थोडी कमी होते ना, तसंच. झालं, आभाळातली ती रिबीन स्टीव्ह झाली.

आता खरी मजा पुढे आहे. युरोपच्या अंतराळ संस्थेचे स्वार्म नावाचे तीन उपग्रह पृथ्वीभोवती फिरत असतात आणि तिचं चुंबकीय क्षेत्र मोजतात. हौशी मंडळींच्या फोटोंवर तारीख होती, वेळ होती, ठिकाण होतं. शास्त्रज्ञांनी काय केलं, या वेळा घेतल्या आणि बघितलं, त्या घटकेला यातला एखादा उपग्रह नेमका त्या रिबिनीतून गेला होता का? गेला होता! त्याने नोंदलेले आकडे काढले, तर सुमारे ३०० किलोमीटर उंचीवर तापमान एकदम ३००० अंश सेल्सिअसने वाढलेलं. रिबीन फक्त २५ किलोमीटर रुंद, पण तिच्यातला तप्त वायू सेकंदाला ६ किलोमीटर वेगाने पश्चिमेकडे धावत होता. आजूबाजूचा वायू मात्र सेकंदाला जेमतेम १० मीटर. विचार करा, सेकंदाला ६ किलोमीटर म्हणजे मुंबईहून पुण्याला अर्ध्या मिनिटाच्या आत!

२०१८ साली यावर शोधनिबंध छापून आला. त्याच्या लेखकांमध्ये मोठमोठ्या शास्त्रज्ञांच्या जोडीला हौशी मंडळींपैकीही काहींची नावं होती. स्टीव्ह हे नाव शास्त्रज्ञांनी बदललं नाही. उलट, त्या नावातल्या प्रत्येक इंग्रजी अक्षराला शोभेल असं भलंमोठं शास्त्रीय नाव जुळवून काढलं.

तेव्हा एक लक्षात घ्या. त्या फोटोंवर वेळ नसती, तर ते नुसते सुंदर फोटो राहिले असते. भिंतीवर लावले असते आणि विषय संपला असता.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे कुठे आलाय ध्रुवीय प्रकाश? ठीक, ढगांकडे येऊ.

ढगांना नावं देण्याचं काम मुळात केलं तेही एका हौशी माणसानेच. लंडनमध्ये ल्यूक हॉवर्ड नावाचे गृहस्थ होते, धंदा औषधं बनवण्याचा, आणि छंद आभाळ बघण्याचा. १८०२ साली त्यांनी आपल्या मित्रमंडळासमोर एक भाषण दिलं आणि ढगांची लॅटिन नावं मांडली. तुमच्या भूगोलाच्या पुस्तकातले क्युम्युलस, स्ट्रेटस, सिरस हे त्यांचेच. क्युम्युलस म्हणजे रास, धान्याची असते तशी. स्ट्रेटस म्हणजे थर. सिरस म्हणजे केसांची बट. परीक्षेत पाठ करताना घाम फुटतो, पण अर्थ कळला की ढगाकडे बघून नाव आपोआप आठवतं.

पुढे राल्फ अॅबरक्रॉम्बी नावाच्या ब्रिटिश माणसाने ढग बघत, त्यांचे फोटो काढत दोनदा पृथ्वीप्रदक्षिणा केली. इथले ढग आणि तिथले ढग सारखेच असतात का, हे त्याला बघायचं होतं. असतात, हे त्याने दाखवून दिलं. मग १८९६ साली सगळ्या देशांसाठी मिळून ढगांचा पहिला आंतरराष्ट्रीय अॅटलास निघाला.

त्या काळी ढगाचा फोटो काढणं म्हणजे काय दिव्य होतं! तेव्हाच्या काचेच्या प्लेटांना निळा रंग फार लवकर उमटे. त्यामुळे निळं आभाळ आणि पांढरा ढग दोन्ही एकसारखे पांढरेफटक. ढग गायब! यावर काही जणांनी कॅमेऱ्याला पिवळी काच लावली. काहींनी ढगाचं प्रतिबिंब काळ्या काचेच्या आरशात पाडून त्याचा फोटो घेतला. फ्रान्समधल्या ग्युस्ताव्ह ल ग्रे या फोटोग्राफरने तर समुद्राची एक काच आणि आभाळाची दुसरी काच जोडून एकच फोटो छापला. १८५०च्या दशकातली ही गोष्ट. फोटो अप्रतिम, लोकांनी तोंडात बोटं घातली. पण त्या समुद्रावर ते आभाळ त्या क्षणी नव्हतंच. चित्र म्हणून उत्तम, पण त्या दिवशी हवा कशी होती याचा पुरावा म्हणून काहीच कामाचा नाही. हा फरक मनात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता आपल्या काळातली गोष्ट. २००६ साली अमेरिकेत आयोवा राज्यातल्या सीडर रॅपिड्स गावात एका बाईंनी उंच इमारतीच्या खिडकीतून फोटो काढला. आभाळभर काळपट लाटाच लाटा. समुद्राच्या तळाशी बसून वर बघितलं तर खवळलेलं पाणी कसं दिसेल, अगदी तसं. त्यांनी तो पाठवला इंग्लंडमधल्या ढगप्रेमी मंडळाला, म्हणजे क्लाउड अॅप्रिसिएशन सोसायटीला. हे मंडळ २००५ साली गॅव्हिन प्रेटर-पिनी यांनी काढलं. ते हवामानशास्त्रज्ञ नाहीत, लेखक आहेत. त्यांना जगभरातून ढगांचे फोटो येतात. त्यांच्या लक्षात आलं, असे लाटांचे फोटो स्कॉटलंडहूनही आलेत, न्यूझीलंडहूनही आलेत, आणि ते यादीतल्या कुठल्याच प्रकारात नीट बसत नाहीत.

२००९ साली त्यांनी सरळ मागणी केली, या ढगाला स्वतंत्र नाव द्या. आता जागतिक हवामान संघटना म्हणजे काही गल्लीतलं मंडळ नव्हे. संयुक्त राष्ट्रांची संस्था ती, कचेरी जिनिव्हात. तिथे कुणी उठून म्हणालं की नवा ढग घ्या, तर लगेच थोडाच घेणार? वर्षं गेली. फोटो येत राहिले, अभ्यास होत राहिला. शेवटी २०१७ साली अॅटलासची नवी आवृत्ती निघाली आणि तिच्यात नाव आलं, अॅस्पेरिटास. लॅटिनमध्ये खडबडीतपणा. एका फोटोत हे झालं नसतं हं. निरनिराळ्या देशांतल्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांनी तेच टिपलं म्हणून झालं. एक फोटो म्हणजे नवल, शंभर फोटो म्हणजे पुरावा.

मला स्वतःला यातला आवडतो तो आणखी एक ढग, किंवा खरं तर ढगातलं भोक! पातळ ढगांचा सपाट थर पसरलाय आणि मधोमध गोल खिडकी पडलीय, खिडकीतून बर्फाची झालर लोंबतेय, असे फोटो लोक काढतात आणि परग्रहावरची तबकडी आली म्हणून एकमेकांना पाठवतात. तबकडी वगैरे काही नाही. त्या थरातलं पाणी शून्याच्या खाली जाऊनही गोठलेलं नसतं. त्यातून विमान गेलं की पंखांमागची हवा एकदम आणखी थंड होते, थेंब गोठतात, बर्फाचे कण आजूबाजूचं पाणी ओढून घेत मोठे होतात आणि खाली पडतात. राहतं ते भोक. त्यालाही २०१७ च्या अॅटलासमध्ये नाव मिळालं, काव्हम.

आणि आपल्या सह्याद्रीत? हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा ऐकलाय ना? पावसाळ्यात सकाळी ऊन पाठीशी आणि कड्याखाली धुकं असेल, तर क्वचित त्या धुक्यावर आपली सावली पडते आणि सावलीच्या डोक्याभोवती रंगीत गोल कडं दिसतं. आपले ट्रेकर याला इंद्रवज्र म्हणतात. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने हरिश्चंद्रगडावर पाहिलेल्या या गोल धनुष्याचं वर्णन केलंय, ते १८३५ साली लंडनमध्ये छापून आलं. त्याच्याजवळ कॅमेरा कुठला? शब्दांवर भागवलं. आता गडावर जाणाऱ्यांच्या मोबाईलमध्ये हे कडं कधीतरी सापडतं.

यातली खुबी अशी की कड्यावर पाच जण शेजारी उभे असले, तरी प्रत्येकाला कडं आपल्याच डोक्याभोवती दिसतं! धुक्याचे बारीक थेंब उजेड जवळजवळ आल्या वाटेने परत पाठवतात, त्यामुळे तो ज्याच्या त्याच्या डोळ्याकडे येतो. म्हणून इंद्रवज्राच्या फोटोत पाच सावल्या असल्या, तर कडं कुणाभोवती आहे ते बघा. फोटो काढणारा तोच!

तर आमच्या मैत्रिणीला उत्तर. फोटो काढ, पण काढल्यावर वहीत चार गोष्टी लिही. तारीख, वेळ, गाव आणि तोंड कुठल्या दिशेला होतं ते. फोटोत खाली नारळाचं झाड, पाण्याची टाकी, देवळाचा कळस असं काहीतरी येऊ दे, म्हणजे ढग केवढा ते कळेल. एकाच ढगाचे दर पाच मिनिटांनी चार फोटो काढलेस, तर तो वाढतोय की विरतोय हेही दिसेल. रंग भडक करणारी सोय मोबाईलमध्ये असते, ती वापरायचीच असेल तर मूळ फोटो वेगळा ठेव. ल ग्रे साहेबांची गोष्ट सांगितली ती त्याचसाठी. आणि आईशी तह कर. एकसारख्या दहा फोटोंतला एक ठेवायचा, बाकीचे नऊ तू स्वतः पुसायचे.

दोन गोष्टी मात्र धमकी समजा. सूर्यावर कॅमेरा रोखून त्यातून डोळा लावून बघायचं नाही. आणि गडगडाट ऐकू आला की गच्चीवरून खाली, मग तो ढग कितीही देखणा असो. जूनच्या सुरुवातीचे ते फुलकोबीसारखे उंच वाढणारे काळे ढग खिडकीतूनही झकास येतात. कोकणकड्यावर तर मोठ्यांशिवाय जायचंच नाही, आणि गेलात तरी कडेला उभं राहून फोटो नाही.

आता या वेळचं कोडं. महाराष्ट्रात जमिनीवर उभं राहून भर दुपारी बारा वाजता आभाळात इंद्रधनुष्य दिसेल का? पाऊस आहे, ऊनही आहे असं समजा. नुसतं हो-नाही चालणार नाही, कारण लिहा. एक धागा देतो: ४२ अंश. उत्तरं पोस्टकार्डावर पाठवा, बरोबर उत्तर पुढच्या अंकात.