विश्लेषण : सॉफ्टवेअरमधला ‘थ्रेड’ मधेच मारणे धोक्याचे का? विहिरीवरच्या स्टार्टरपासून मंगळावरच्या यानापर्यंत...

धाराशिव जिल्ह्यातील वाशी तालुक्यातले तेरखेडा हे गाव शोभेच्या दारूसाठी, म्हणजे फटाक्यांसाठी ओळखले जाते. शेडमध्ये नळ्यांत दारू भरत बसलेल्या कामगाराला कोणी मागून येऊन बाहेर ओढले, तर काम थांबेल. पण अर्धी भरलेली नळी, उघडे पडलेले मिश्रण आणि त्याच्या कमरेची कोठीची किल्ली यांचे काय? माणूस उठला म्हणजे काम संपले असे या धंद्यात धरून चालत नाही. हाताखालचे आवरायचे, उरलेली दारू जागच्या जागी पोचवायची, किल्ली परत द्यायची, मगच उठायचे. याच शिवारातल्या एखाद्या विहिरीवरील मोबाइल स्टार्टरच्या सॉफ्टवेअरलाही हीच शिस्त लागते. फरक एवढाच की, ती त्याला कोणीतरी मुद्दाम शिकवावी लागते. शिकवली नाही, तर मोटार जळेपर्यंत चूक कोणाच्या लक्षातही येत नाही.

थ्रेड म्हणजे काय?

मोबाइल स्टार्टरच्या डब्यात एक छोटी चिप असते. तिला एकाच वेळी अनेक कामे सांभाळायची असतात. व्होल्टेज आणि तिन्ही फेज तपासत राहायचे, शेतकऱ्याच्या फोनवरून आलेला आदेश घ्यायचा आणि कॉन्टॅक्टर ओढून मोटार चालू-बंद करायची. यातले प्रत्येक काम म्हणजे एक थ्रेड. या क्षेत्रात त्याला टास्कही म्हणतात. कोणत्या थ्रेडला कधी आणि किती वेळ द्यायचा, हे रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टीम ठरवते. इथे ‘रिअल-टाइम’चा अर्थ वेगवान असा नसून वेळेवर असा आहे. बरोबर उत्तर उशिरा आले, तरी ते चुकलेच. अशा प्रणालींपैकी ‘फ्री-आरटीओएस’ ही रिचर्ड बॅरी यांनी २००३ मध्ये आणली. ती मोफत असल्याने छोट्या उपकरणांत मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. २०१७ पासून तिची जबाबदारी ॲमेझॉनकडे आहे.

फोनमधले ॲप ‘फोर्स स्टॉप’ करता येते, मग इथे काय अडते?

फोनमधले प्रत्येक ॲप स्वतंत्र घरात राहते. ते अडकले आणि ‘फोर्स स्टॉप’ दाबले, की ऑपरेटिंग सिस्टीम त्या घरातली मेमरी, उघड्या फायली, सगळे ताब्यात घेते. शेजारच्या ॲपला सहसा धक्का लागत नाही. थ्रेडचे तसे नाही. एकाच प्रोग्रॅममधले सगळे थ्रेड एका घरात, एका चुलीवर राहणाऱ्या माणसांसारखे असतात. मेमरी सामायिक, यंत्राच्या तारा सामायिक. छोट्या चिपमध्ये तर बहुतेकदा सगळे मिळून एकच घर असते. त्यातल्या एकाला मधेच नाहीसे केले, तर त्याने मांडलेला पसारा तसाच राहतो आणि बाकीच्यांना त्याचा पत्ताही नसतो.

नेमके काय बिघडू शकते?

तीन गोष्टी बिघडतात. पहिली, यंत्र अर्ध्यावर राहते. समजा, स्टार्टर स्टार-डेल्टा पद्धतीचा आहे. मोटार आधी काही सेकंद स्टारमध्ये उठवायची, मग स्टारचा कॉन्टॅक्टर सोडून डेल्टाचा ओढायचा, हे काम एक थ्रेड करतो. स्टार ओढल्यावर लगेच त्या थ्रेडला मारले, तर पुढची पायरी कोणीच करत नाही. मोटार पाण्याचा भार घेऊन स्टारमध्येच रखडते, तापते. ओव्हरलोड रिले वेळेत पडला नाही, तर रिवाइंडिंगचा खर्च ठरलेला.

दुसरी, कुलूप अडकते. दोन थ्रेडनी एकाच वेळी एका वस्तूला हात लावू नये म्हणून ‘म्युटेक्स’ नावाचे कुलूप असते. किल्ली ज्याच्याकडे, त्याचे काम. बाकीचे दारात थांबतात. किल्लीवाल्यालाच मारले, तर बाकीचे कायमचे दारात. मोटार बंद करण्याचा आदेश घेऊन आलेला थ्रेडही त्याच रांगेत असू शकतो.

तिसरी, मेमरी गळत जाते. फ्री-आरटीओएस थ्रेड काढून टाकताना स्वतः दिलेली मेमरी परत घेते; पण थ्रेडने चालताना वेगळी मागून घेतलेली मेमरी परत करणे ही प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची जबाबदारी असते. समजा, १० किलोबाइट मेमरी मोकळी आहे आणि थ्रेड मारताना दर वेळी ५१२ बाइट अडकून पडतात. विसाव्या वेळी मेमरी संपली. ग्रामीण भागात वीज ये-जा करते, ऑटो स्विच पुन्हा पुन्हा लागतो. वीस वेळा व्हायला फार दिवस लागत नाहीत. कारखान्यातल्या टेबलावर तासभर चाचणी घेतली, तर ही चूक दिसतच नाही. ती शेतात, ऐन पाण्याच्या पाळीला दिसते.

मंगळावर काय झाले होते?

कुलूप अडकण्याचा सर्वात प्रसिद्ध अनुभव ‘नासा’चा आहे. ‘मार्स पाथफाइंडर’ हे यान ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरले. काही दिवसांतच त्याचा संगणक आपोआप पुन्हा पुन्हा सुरू होऊ लागला. हवामानाची माहिती गोळा करणाऱ्या कमी महत्त्वाच्या कामाकडे एक कुलूप होते. त्याहून बरेच महत्त्वाचे एक काम त्या कुलपासाठी थांबले होते आणि मधल्या दर्जाची कामे हवामानाच्या कामाला पुढे सरकूच देत नव्हती. महत्त्वाचे काम वेळेत झाले नाही, हे पाहणारी यंत्रणा सगळा संगणक नव्याने सुरू करत होती. अभियंत्यांनी पृथ्वीवरून एक बदल पाठवला : कुलूप ज्याच्याकडे असेल, त्याला थांबलेल्याचे प्राधान्य तात्पुरते मिळावे. प्रश्न सुटला. तिथे कोणी थ्रेड मारला नव्हता; किल्लीवाल्याला नुसता उशीर झाला होता. उशिराने ही गत होत असेल, तर किल्लीवाला परत येणारच नसेल तेव्हा काय होईल, याचा अंदाज यावरून करता येतो.

जाणकारांनी यातून काय धडा घेतला?

जावा या भाषेत थ्रेड बाहेरून थांबवण्याची सोय सुरुवातीपासून होती. ती वापरली की थ्रेडकडची कुलपे आपोआप उघडत. पण आतली माहिती अर्धवट बदललेली राही आणि दुसरा थ्रेड तीच खरी मानून पुढे जाई. म्हणजे कुलूप अडकले तरी पंचाईत, उघडले तरी पंचाईत. १९९८ च्या आवृत्तीपासून ही सोय ‘वापरू नका’ या यादीत गेली आणि २०२३ मध्ये आलेल्या जावा २० पासून ती चालतच नाही.

वाहन उद्योगाने अधिक कडक वाट धरली. १९९३ मध्ये जर्मन वाहन कंपन्यांनी सुरू केलेल्या ‘ओसेक’ या मानकात एक टास्क दुसऱ्या टास्कला संपवूच शकत नाही. प्रत्येकाने स्वतःच संपायचे आणि तेही हातातले कुलूप सोडून. पुढे वाहनांसाठी आलेल्या ‘ऑटोसार’ या मानकाची कार्यप्रणाली याच पायावर उभी राहिली. पुण्यात वाहनांच्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्या अभियंत्यांना ही शिस्त परिचयाची आहे. छोट्या उपकरणांच्या धंद्यात मात्र ती सक्तीची नाही, आणि तिथेच खरी अडचण आहे.

मग थ्रेड सुरक्षित थांबवायचा कसा?

मारायचे नाही, सांगायचे. बाहेरच्याने ‘थांब’ असा निरोप ठेवायचा. थ्रेडने आपल्या कामातल्या सुरक्षित टप्प्यांवर तो निरोप पाहायचा. स्टार आणि डेल्टाच्या मधे नाही, तर आधी किंवा नंतर. थ्रेड एखाद्या संदेशाची वाट पाहत झोपला असेल, तर त्याला निरोप दिसणार नाही. म्हणून वाट पाहण्याला मुदत हवी किंवा त्याला उठवणारा संदेश पाठवायला हवा. निरोप मिळाल्यावर क्रमाने आवरायचे : आधी यंत्र सुरक्षित स्थितीत, मग कुलूप मोकळे, मग मेमरी परत. शेवटी ‘झाले’ असे कळवायचे आणि ते कळेपर्यंत सांगणाऱ्याने थांबायचे. या सगळ्याला जास्तीत जास्त किती वेळ लागेल, हे आधीच मोजून ठेवायचे. रिअल-टाइममध्ये थांबण्यालाही वेळेची मर्यादा असते. त्याहून सोपा उपाय म्हणजे थ्रेड संपवायचाच नाही. सगळे थ्रेड सुरुवातीलाच तयार करायचे आणि काम नसेल तेव्हा झोपवायचे.

थ्रेड ऐकतच नसेल तर?

हा आक्षेप रास्त आहे. अडकलेला थ्रेड निरोप वाचणार कसा? पण त्यावरही एकट्या थ्रेडला मारणे हे उत्तर नाही. त्याने मागे काय बिघडवून ठेवले, हे कोणालाच माहीत नसते. अशा वेळी ‘वॉचडॉग’ हा पहारेकरी टायमर संपूर्ण चिप नव्याने सुरू करतो. मात्र चिप सुरू होताना सगळे कॉन्टॅक्टर सुटलेले असतील, अशी जोडणी तारांमध्येच हवी. यंत्रांच्या विद्युत सुरक्षेचे आंतरराष्ट्रीय मानकही हाच फरक करते. वीज तत्काळ तोडणे हा थांबण्याचा एक प्रकार. वीज चालू ठेवून यंत्र नीट थांबवणे आणि मग ती तोडणे हा दुसरा. आणीबाणीचे लाल बटण सॉफ्टवेअरच्या सौजन्यावर सोडायचे नसते आणि रोजचे थांबणे लाल बटणावर ढकलायचे नसते.

कुठे कमी पडते?

थ्रेड सुरू कसा करायचा, हे शिकवण्या आणि व्हिडीओ पहिल्याच धड्यात दाखवतात. दिवा लुकलुकला की विद्यार्थी खूश. तो थ्रेड संपवायचा कसा, हा प्रश्न परीक्षेत क्वचितच येतो. कारण प्रात्यक्षिक संपले की वीजच बंद केली जाते. शेतातला स्टार्टर मात्र वर्षानुवर्षे चालतो. म्हणून प्रत्येक प्रकल्पात ‘सुरू’बरोबर ‘बंद’चीही चाचणी हवी : शंभर वेळा सुरू करा, शंभर वेळा थांबवा आणि मेमरी तेवढीच उरली का ते पाहा. उपकरणे विकत घेणाऱ्या सरकारी योजनांनीही निविदेत एवढी एक अट घातली, तर ती फार महाग पडणार नाही. फटाक्याच्या शेडमध्ये सकाळी काम कसे सुरू होते, यापेक्षा संध्याकाळी शेड कशी मागे ठेवली जाते यावर सुरक्षा ठरते. चिपमधल्या कामगारालाही तोच नियम लागू आहे.