मामा, शांत किनारा सांग ना

मागच्या आठवड्यात पुण्याहून भाच्याचा फोन आला. "मामा, आम्ही पाच जण येतोय. दोन बाईक आणि एक फोर बाय फोर. पहिल्यांदाच वाळूच्या टेकड्यांवर गाडी चालवून बघायचीय. जिथे कोणी नसेल असा एखादा शांत किनारा सांग ना. तिथेच तंबू टाकू."

मी नाही म्हटलं. तो रुसला. फोनवर मला नीट समजावता आलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. हा फोन फक्त माझ्याकडे येत नाही, हेही कारण आहे. दिवाळी झाली की दापोली-मंडणगडच्या प्रत्येक घरात कोणाचा ना कोणाचा असा फोन येतो. आणि जागा सांगणारे आपणच असतो.

आधी माझं सांगतो, म्हणजे कोणी म्हणायला नको की मामा फार साधू झालाय. कॉलेजात असताना मीही मित्राची गाडी घेऊन पुळणीवरून पळवली आहे. ओली वाळू, समोर सूर्य, मागे बसलेला ओरडतोय. मजा यायची. तेव्हा गावात गाड्या चार होत्या. आता एका शनिवारी चाळीस येतात.

भाच्याला हवी होती "कोणी नसलेली" जागा. आपल्या किनाऱ्यावर अशी जागा कुठली? जिथे दिवे नाहीत, टपऱ्या नाहीत, माणसं नाहीत, तीच जागा कासवीण निवडते. नोव्हेंबर ते मार्च हा तिचा काळ. ती रात्री येते, भरतीच्या रेषेच्या वर दीड-एक फूट खोल खड्डा करते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू ओढून खड्डा बुजवते आणि परत जाते. वेळास, आंजर्ले, केळशी ही नावं आता जगाला माहीत झाली आहेत. वेळासला २००२ मध्ये सह्याद्री निसर्ग मित्रच्या लोकांनी काम सुरू केलं तेव्हा अंडी खाणारे आपलेच होते. पुढे ती राखणारेही आपल्याच गावचे झाले. 

आता यात गाडीचा संबंध काय? बऱ्याच जणांना वाटतं, चाक अंड्यांवरून गेलं तरच नुकसान. तसं नाही. कासवमित्र पहाटे किनारा चालत जातो तो कासविणीच्या पावलांचा माग शोधायला. वाळूवर दोन्ही बाजूंनी वल्ही मारल्यासारखा माग असतो, त्यावरून घरटं सापडतं. रात्री तिथून दोन गाड्या फिरल्या की माग संपला. घरटं आहे, पण कुठे ते कोणालाच माहीत नाही. मग ते कुत्र्या-कोल्ह्यांचं. जी पिल्लं तरीही बाहेर येतात त्यांना चाकोरीतली खोल नळी म्हणजे दरीच. पिल्लू असतं आपल्या अर्ध्या तळहाताएवढं. आणि ते उजेडाकडे जातं. तंबूबाहेर लावलेली रंगीत माळ त्याला समुद्र वाटते.

कोणी म्हणेल, आम्ही पुळणीवर नाही, वरच्या वाळूच्या टेकाडांवर चालवू. ते तर आणखी वाईट. आपल्याकडे टेकाडं आहेतच किती? राजस्थानसारखी मैलोन् मैल वाळू नाही आपल्याकडे. किनारा आणि वाडी यांच्यामध्ये एक पातळ बांध आहे, तेवढाच. त्याला धरून ठेवते ती मर्यादवेल. जांभळ्या फुलांची, जमिनीलगत पसरणारी. नाव कोणी ठेवलं माहीत नाही, पण अगदी बरोबर ठेवलंय. समुद्राची मर्यादा तिथे संपते. त्या वेलीवरून चार वेळा गाडी गेली की मुळं सुटतात, मग पुढचं काम वारा करतो. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ आपण विसरलेलो नाही. वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या, कितीतरी घरांवर कौल राहिलं नाही. अशा वेळी समुद्र आणि माड यांच्यामध्ये जे काही उभं असेल ते हवंच. सीआरझेडच्या अधिसूचनेत वाळूच्या टेकड्या आणि कासवांच्या विणीच्या जागा सगळ्यात संवेदनशील, म्हणजे एक-अ गटात आहेत. कायदा सोडा, आपल्या नारळ-सुपारीचा प्रश्न आहे.

केळशीला खाडीच्या तोंडाशी मोठी वाळूची टेकडी आहे. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी तिचा अभ्यास केला, तिच्यात जुनी खापरं, नाणी सापडली, आणि ती प्राचीन सुनामीने साचली असावी असा अंदाज मांडला गेला. म्हणजे ती नुसती वाळू नाही, आपला दप्तरखानाच आहे. तिथे "चढाई" करायला गाडी न्यायची म्हणजे बखरीच्या पानांवरून सायकल चालवण्यासारखं आहे.

आता जिवाचं बोलू. आपल्या आज्यांना, कोळीवाड्यातल्या पोरांना माहीत असलेली गोष्ट पुण्या-मुंबईच्या पाहुण्याला माहीत नसते. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. पाहुणा अष्टमीला चार वाजता येतो, ओली वाळू सिमेंटसारखी घट्ट दिसते, गाडी आत घालतो. जरा थांबला, परत काढताना चाक फिरलं, एक्सलेटर दाबला, चेसिस वाळूवर बसली. सहाला पाणी दारात. मग पळापळ.

आणि पौर्णिमा! चांदणं बघायचं म्हणून तंबू पौर्णिमेलाच लावतात. पौर्णिमेची भरती रात्री बाराच्या आसपास, आणि तीही उधाणाची, म्हणजे एरवीपेक्षा वर येणारी. झोप लागली की पाणी येतं. संध्याकाळी कोरडी दिसलेली वाळू बघून जागा ठरवायची नसते. काटक्या, शिंपले, थर्माकोलचे तुकडे यांची जी रेघ दिसते तिच्याही बरंच वर जायचं असतं. आणि तिच्या वर तर मर्यादवेल आणि घरटी. म्हणजे पुळणीवर तंबूला जागाच नाही. तंबू सुरूच्या बनाच्या मागे, कोणाच्या तरी वाडीत, मालकाला विचारून. मी भाच्याला हेच सांगितलं. तो म्हणाला, "मग त्यात मजा काय?"

याचं उत्तर द्यायला मला माझीच राजस्थानची फेरी आठवली. तीन वर्षांपूर्वी आम्ही चार मित्र जैसलमेरला गेलो होतो, याच हौसेने. पहिला मुक्काम समला, शहरापासून चाळीस किलोमीटरवर. फोटोत वाळवंट आणि चांदण्या. प्रत्यक्षात तंबूंच्या रांगा, प्रत्येक कॅम्पला वेगळा डीजे, वाळूवर जीपची रांग, मागे जनरेटर. रात्री एकपर्यंत डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही खुडीच्या बाजूला गेलो, एका घरी उतरलो. तिथे कळलं की चालवायची जागा आणि झोपायची जागा एक असायला नको. गाड्या चालायच्या त्या टेकड्यांवर चालवायची, आणि मुक्कामाला गावात यायचं. त्या घरच्या म्हाताऱ्याने दिवसा आम्हाला स्वतः फिरवलं आणि काही गोष्टी सांगितल्या. पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी त्या इथे लिहितो.

१. जागा उजेडात, पायी फिरून बघा. चारच्या आत पोचा. अंधारात निवडलेली जागा सकाळी रस्ता निघते.

२. टेकडीची एक बाजू चढायला सोपी असते, दुसरी एकदम तुटलेली. तुटलेल्या बाजूच्या पायथ्याशी आडोसा मिळतो म्हणून लोक तिथे तंबू लावतात. वरून येणाऱ्या गाडीवाल्याला खाली कोण झोपलंय ते माथ्यावर आल्याशिवाय दिसत नाही. तिथे कधीही झोपू नका. आणि चालवताना कुठलाही माथा आधी चालत जाऊन बघा.

३. वारा कुठून येतो ते बघा. जनरेटर आणि संडास तुमच्या वाऱ्याच्या खालच्या बाजूला हवेत.

४. वाळूत चाकातली हवा कमी करावी लागते. जीपला रस्त्यावर तीसच्या आसपास असते ती आम्ही अठरापर्यंत आणली. परत भरायला पंप बरोबर हवाच. चढ सरळ चढायचा, सरळ उतरायचा, आडवं वळायचं नाही. एकट्या गाडीने जायचं नाही. सकाळची वाळू गार आणि घट्ट असते. दुपारी ती सैल होते, आणि डोक्यावरच्या उन्हात खड्डा-उंचवटा कळत नाही.

५. स्थानिक माणसाला विचारा की कुठे जायचं नाही. तिकडे डेझर्ट नॅशनल पार्क आहे, तीन हजार चौरस किलोमीटरच्या वर. माळढोकाची शेवटची मोठी जागा. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोकासाठी अभयारण्य केलं आणि तरी पक्षी जवळपास संपला. तिकडे जाऊन त्याच्या माळावर गाडी घालायला आपण मराठी माणसांनी तरी लाजलं पाहिजे.

म्हणजे भाच्याच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: वाळूत गाडी चालवायची हौस वाईट नाही. ती करायला जैसलमेरला जा, जिथे त्यासाठी ठरलेल्या टेकड्या आहेत आणि शिकवणारी माणसं आहेत. शांतता हवी असेल तर आमच्याकडे ये, गाडी अंगणात लाव आणि किनाऱ्यावर चालत जा. दोन्ही एकाच रात्री, एकाच किनाऱ्यावर मागू नको.

आता आपल्या लोकांशी बोलतो. राग मानू नका.

पाहुण्यांना शिव्या देणं सोपं आहे. पण पुळणीवर गाडी उतरते कुठून? आपण सोडलेल्या वाटेवरून. रुतली की ट्रॅक्टर कोणाचा? आपला. ओढून काढायचे तीन हजार, भरती आली असेल तर पाच. मागच्या मोसमात एकाने मला हसत हसत सांगितलं, "दादा, दोन शनिवारात डिझेल सुटलं." म्हणजे गाडी रुतण्यातही आपला धंदा. मग ती रुतू नये म्हणून आपण कशाला बोलू?

माझा चुलतभाऊ तंबू लावतो. त्याचं माझं यावरून वाजलं. तो म्हणाला, "दादा, तू पगारदार. मी नाही म्हटलं तर गिऱ्हाईक शेजारच्या गावात जाईल. मोसम पाच महिन्यांचा. बँकेचा हप्ता बारा महिन्यांचा." यात खोटं काहीच नाही. एकट्याने नाही म्हणायला त्याला परवडत नाही, हे मला मान्य आहे. म्हणूनच हे एकट्यावर सोडता येत नाही. सगळ्या गावांनी एकदम नाही म्हटलं तर गिऱ्हाईक कुठे जाईल? ते येतंय ते समुद्रासाठी. आणि वेळासला लोक येतात ते घरात उतरतात, आपल्या बायकांच्या हातचं जेवतात, पहाटे उठून पिल्लं समुद्रात जाताना बघतात. तिथे गाडी पुळणीवर नेली म्हणून कोणी पैसे दिलेले नाहीत.

मागणी फार मोठी नाही. किनाऱ्याला उतरणाऱ्या प्रत्येक वाटेवर लोखंडी खांब, होड्या ओढायला लागतो तेवढा ट्रॅक्टर जाईल असं कुलूपबंद फाटक, आणि चावी मच्छीमार सोसायटीकडे. शेजारी एक फळा, त्यावर रोज खडूने त्या दिवशीच्या भरतीची वेळ. तंबू बनाच्या मागे, आणि विणीच्या काळात रात्री दहानंतर समुद्राच्या बाजूचे दिवे बंद. "वाहन नेण्यास मनाई" असा गंजलेला बोर्ड लावून आणि गाडी बुडाल्यावर गुन्हा दाखल करून आजवर काय साधलं ते आपण बघतोच आहोत. खांबाला खर्च किती येतो? एका बुडालेल्या गाडीच्या दुरुस्तीपेक्षा नक्कीच कमी.

पुढच्या ग्रामसभेत मी हा विषय मांडणार आहे. चुलतभाऊही येणार आहे, विरोधात बोलायला. येऊ दे. त्याचा हप्ता कसा भागेल हे ठरवल्याशिवाय खांब रोवले तर ते दोन महिन्यांत उपटले जातील, हे मलाही कळतं. बनामागची पंचायतीची जागा तंबूवाल्यांना मोसमापुरती कमी भाड्याने द्यावी, असं माझं म्हणणं आहे. कोणाकडे याहून बरा उपाय असेल तर घेऊन या. पण घरी बसून राहू नका.

भाच्याचा काल परत फोन आला होता. गाडी अंगणात लावायला तयार आहे. फक्त म्हणाला, "मामा, भरतीची वेळ तेवढी सांग." म्हटलं, तिथी बघ, पाऊणपट कर, आणि मग मला सांग.